बोटांचा खेळ की अंगठ्यांचा?

कन्सोल (प्लेस्टेशनसारखं टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र) घ्यावा की कॉम्प्युटर, दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर बरा की कीबोर्ड, याबद्दल सीमाभागातल्या वाचकांची बरीच पत्रं या महिन्यात आली. सारखे प्रश्न एकत्र करून आणि पत्रं थोडक्यात मांडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आम्ही दोघं भाऊ. मी कॉम्प्युटरवर काउंटर-स्ट्राइक हा नेमबाजीचा खेळ खेळतो. धाकट्याला फुटबॉल आणि गाड्यांच्या शर्यती लागतात. तो म्हणतो कंट्रोलरशिवाय मजा नाही, मी म्हणतो कीबोर्ड-माउसपुढं कंट्रोलर काहीच नाही. घरात रोज यावरून वाद. खरं कुणाचं? – शहापूर, बेळगाव

उत्तर : दोघांचंही. तुम्ही ज्या खेळांवरून बोलताय ते खेळच वेगळे आहेत.

माउस कसा चालतो ते आधी बघा. हात टेबलावर जेवढा सरकतो, तेवढंच वळण पडद्यावर होतं. हात थांबला की नेम थांबला. कंट्रोलरवर अंगठ्यानं कलवायची छोटी दांडी असते, त्या स्टिकचं गणित निराळं आहे. ती किती कलली यावर वळण्याचा वेग ठरतो. एकूण किती वळलो, हे ती किती वेळ कललेली राहिली त्यावर अवलंबून असतं. डावीकडच्या शत्रूवर नेम धरायचा तर अंगठ्यानं स्टिक कलवायची, अंदाजानं तेवढाच वेळ धरायची आणि नेमक्या क्षणी मध्यावर सोडायची. हा शेवटचा क्षण किंचित चुकला तरी नेम शत्रूच्या पुढं निघून जातो. म्हणून कन्सोलवरच्या नेमबाजीच्या बहुतेक खेळांत ‘एम असिस्ट’ दिलेला असतो : नेम शत्रूजवळ आला की वळण्याचा वेग आपोआप मंदावतो, काही खेळांत नेम शत्रूच्या हालचालीबरोबर थोडा ओढलाही जातो. अंगठ्याला तेवढा आधार लागतोच. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या खेळाच्या कॉम्प्युटर आवृत्तीत कंट्रोलर चालतच नाही आणि कन्सोलवर खेळणाऱ्यांना कॉम्प्युटरवाल्यांसमोर उतरवलं जात नाही, त्यामागं हेच कारण आहे.

आता धाकट्याची बाजू. कीबोर्डची कळ एकतर दाबलेली असते, नाहीतर सुटलेली. मधलं काही नसतं. ओल्या रस्त्यावर वळण घेताना ॲक्सिलरेटर चाळीस टक्के हवा असतो. कंट्रोलरचा ट्रिगर, म्हणजे तर्जनीखालचं बटण, तेवढाच दाबता येतो, कळ मात्र पूर्णच लागते, मग चाकं घसरतात आणि गाडी कठड्याला. कीबोर्डवर खेळणारे कळ टकटक करून वेग सांभाळतात, पण ती कसरतच. फुटबॉलमध्येही चार कळांतून आठच दिशा निघतात. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्ये स्टिकची जागा आडवी-उभी अशा दोन्ही अंगांनी ० ते २५५ आकड्यांत मोजली जाते, त्यामुळं पास हव्या त्या कोनात देता येतो.

तेव्हा आहे तो कॉम्प्युटर ठेवा आणि धाकट्याला एक कंट्रोलर घेऊन द्या. कॉम्प्युटरला कंट्रोलर सहज जोडता येतो, पण उलटं तितकं सोपं नाही. प्लेस्टेशन ५ ला यूएसबी कीबोर्ड-माउस लावला तरी फक्त ज्या खेळांनी परवानगी दिली आहे त्यांतच तो खेळायला चालतो. फोर्टनाइटमध्ये चालतो, बहुतेक खेळांत नाही. विंडोजवर एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलच्या धाटणीचा कंट्रोलर कमी त्रास देतो, कारण पडद्यावर दिसणारी ए-बी-एक्स-वायची चित्रं बटणांशी जुळतात. प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर स्टीममधून (कॉम्प्युटरवरचे खेळ विकणारं ऑनलाइन दुकान) नीट ओळखला जातो, पण त्याच्या ट्रिगरचा बोटाला जाणवणारा अडसर मोजक्याच खेळांत आणि बहुधा केबल लावल्यावरच मिळतो.

तुमच्यासाठी एक माप देतो. माउस ८०० डीपीआयवर (एक इंच सरकला की ८०० टप्पे मोजणारी सेटिंग) आणि काउंटर-स्ट्राइक २ ची सेन्सिटिव्हिटी (खेळात वळण्याचं प्रमाण) १ ठेवली, तर पूर्ण गिरकी घ्यायला माउस सुमारे ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो. २ ठेवली तर २६. सायबर कॅफेत सवय लागलेले बरेच जण १०-१२ सेंटिमीटरमध्ये गिरकी घेतात, मग लांबच्या शत्रूच्या डोक्यावर नेम स्थिर राहत नाही. १.३ पासून सुरुवात करा, म्हणजे ४० सेंटिमीटर होतील, आणि दोन आठवडे आकडा बदलू नका. व्हॅलोरंटसाठी याच आकड्याला ३.१८ नं भागायचं : ०.४१. जुन्या खेळांत नेम कधी कमी कधी जास्त सरकत असेल, तर विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये पॉइंटर ऑप्शन्समधली ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढा. ती असली की हाताच्या वेगाप्रमाणं अंतर बदलतं आणि हाताला सवय लागतच नाही.

प्रश्न : एकाच कीबोर्डवर मी आणि बहीण मारामारीचा खेळ खेळतो. तिनं दोन बटणं दाबून ठेवली की माझी लाथ बसत नाही. ती मुद्दाम करते असं मला वाटायचं. कीबोर्ड खराब आहे का? – संकेश्वर

उत्तर : कीबोर्ड खराब नाही आणि बहिणीचाही दोष नाही. साध्या कीबोर्डच्या आत कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात. ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या की कोणती खरी आणि कोणती भासमान हे जाळीला ओळखता येत नाही, म्हणून ती तिसरी कळ सोडून देते. महाग कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेला डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) असतो, तिथं ही अडचण येत नाही.

पण महाग कीबोर्ड घेऊ नका. घरात पडलेला दुसरा कोणताही यूएसबी कीबोर्ड त्याच कॉम्प्युटरला लावा. खेळातल्या कळा आहेत त्याच राहू द्या, फक्त बहिणीनं तिच्या कळा दुसऱ्या कीबोर्डवर दाबायच्या. दोन्ही कीबोर्डांची जाळी वेगळी, त्यामुळं एकाची कळ दुसऱ्याची अडवत नाही.

प्रश्न : मुलानं बारावीनंतर इंजिनीअरिंगला प्रवेश घेतलाय. त्याला खेळायलाही काहीतरी हवं आहे. आमची तयारी साठ हजारांपर्यंत आहे. दुकानदार म्हणतो प्लेस्टेशन घ्या, स्वस्त पडेल. – चिकोडी

उत्तर : पेटीची किंमत आणि खेळायचा खर्च या दोन गोष्टी वेगळ्या धरा. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि डिस्क नसलेला ३९,९९० रुपयांना होता. एप्रिल २०२४ मध्ये स्लिम आला तो अनुक्रमे ५४,९९० आणि ४४,९९० ला. जुना होईल तसा स्वस्त होईल या भरवशावर थांबण्यात अर्थ उरलेला नाही. त्यात विकतच्या खेळांत ऑनलाइन दुसऱ्यांशी खेळायचं तर प्लेस्टेशन प्लसची वर्गणी वेगळी. फुकटच्या खेळांना ती लागत नाही. कॉम्प्युटरवर अशी वर्गणी नसते आणि स्टीमवर खेळांचे भाव रुपयांत असतात, सेलमध्ये बरेच उतरतात. घेतलेला खेळ आवडला नाही, तर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात.

कन्सोलची खरी बचत डिस्कमध्ये आहे. तीन मित्रांनी एकेक खेळ घेऊन आपसात फिरवला की तिघांचे तीन खेळ होतात, आणि कंटाळा आला की डिस्क विकता येते. म्हणून कन्सोल घ्यायचाच तर डिस्कवाला घ्या. मात्र डिस्क असली तरी खेळ आतल्या साठ्यावर उतरवावाच लागतो, वर सुधारणा डाउनलोड होतात. १०० जीबीचा खेळ ३० एमबीपीएसच्या जोडणीवर उतरायला साडेसात तासांच्या आसपास लागतात.

घरात बरा टीव्ही असता आणि मुलाला अभ्यासाला लॅपटॉप आधीच असता, तर आम्हीही कन्सोलच सांगितला असता. तुमच्या मुलाला प्रोग्रॅमिंग आणि ड्रॉइंगची सॉफ्टवेअर लागणार आहेत. त्याच्यासाठी कॉम्प्युटर घ्या. रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर, आरएक्स ६६०० हे ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, ८ जीबीच्या दोन अशी १६ जीबी रॅम, साठ्यासाठी एनव्हीएमई एसएसडी आणि ५५० वॅटचा ‘८० प्लस ब्राँझ’ दर्जाचा पॉवर सप्लाय. १०८०पी (फुल एचडी) ला ही जोडणी व्यवस्थित चालते. भाव हलते आहेत, तेव्हा मॉनिटर आणि विंडोज धरून दोन-तीन ठिकाणी लेखी कोटेशन घ्या. आकडा वर गेला तर एसएसडी लहान घ्या. पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर करू नका. बिननावाचा सप्लाय जळतो तेव्हा बरोबर मदरबोर्डही नेऊ शकतो.

जोडताना तीन चुका हमखास होतात. पहिली, एचडीएमआय केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावली जाते. ५६०० मध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाहीत, पडदा काळाच राहतो आणि लोक नवं मशीन परत घेऊन जातात. दुसरी, रॅमच्या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी बसवल्या जातात. चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या, आणि बायोसमध्ये (कॉम्प्युटरची मूळ सेटिंग) एक्सएमपी हा रॅमच्या पूर्ण वेगाचा पर्याय चालू करायचा. नाहीतर ३२०० ची रॅम त्याहून कमी वेगानं चालत राहते आणि कुणाला कळतही नाही. तिसरी, १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन तो ६० वरच ठेवला जातो. डिस्प्ले सेटिंगच्या ॲडव्हान्स्ड भागात जाऊन १४४ निवडा. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ ला ६.९. माउसवर खेळणाऱ्याला हा फरक पहिल्या मिनिटात जाणवतो. ज्यांचा कन्सोल टीव्हीला आहे त्यांनी टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करावा. तो बंद असताना टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो आणि बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो. असा कंट्रोलर ‘खराब’ म्हणून दुरुस्तीला नेला जातो.

प्रश्न : आमच्याकडं पावसात करंट सारखा जातो-येतो. प्लेस्टेशन ५ दोनदा मध्येच बंद पडला, नंतर सुरू होताना दुरुस्तीचा संदेश आला. घरात इन्व्हर्टर आहे तरी असं होतं. जुन्या कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला की झिणझिण्याही येतात. – खानापूर

उत्तर : पत्रात तीन दुखणी आहेत. झिणझिण्यांचं सगळ्यांत गंभीर, म्हणून आधी ते.

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात आणि ते डब्यामार्गे अर्थिंगला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर डब्यावर साधारण अर्धा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण याच अवस्थेत चालू टीव्हीला एचडीएमआय केबल खुपसली तर पोर्ट जळू शकतो. जुन्या कौलारू घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागं तार नसते. वायरमनला बोलावून मीटरनं मोजून घ्या : फेज ते अर्थ २३० च्या जवळ, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तसं नसेल तर अर्थिंगचा खड्डा नव्यानं करून घ्या. तोवर केबल लावताना-काढताना दोन्ही यंत्रांचे प्लग भिंतीतून काढा.

आता इन्व्हर्टर. त्यावर ‘यूपीएस’ आणि ‘वाइड’ किंवा ‘इको’ असा खटका असतो. वाइड किंवा इकोवर बॅटरीकडे वळायला ४० मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतात. पंख्याला, दिव्याला ते कळत नाही. पण कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय पूर्ण भारावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, कन्सोलचंही थोडंफार तसंच. खटका यूपीएसवर करा, बहुधा एवढ्यानंच काम होईल. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर ही यंत्रं चालवू नका. भाराचा हिशेब असा : खेळताना प्लेस्टेशन ५ सुमारे २०० वॅट आणि ४३ इंची टीव्ही १०० च्या आत, मिळून ३००. १५० एएचची बॅटरी नवी आणि भरलेली असेल तर तीन तास निघतात, जुनी असेल तर निम्मेही नाहीत. इन्व्हर्टर नसलेल्यांना ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. त्यातून साधारण ३६० वॅट आणि काही मिनिटं मिळतात. खेळ सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती ती मिनिटं आहेत, सामना पूर्ण करण्यासाठी नव्हेत.

दुरुस्तीचा संदेश पुन्हा आला तर प्लेस्टेशन बंद करा. पॉवरचं बटण दाबून धरा. एक बीप लगेच येईल, दुसरी सुमारे सात सेकंदांनी. दुसरी ऐकली की बोट काढा. कंट्रोलर केबलनं जोडून मधलं पीएस बटण दाबा. सेफ मोडच्या यादीत ‘क्लिअर कॅश अँड रिबिल्ड डेटाबेस’ घ्या आणि त्यातला डेटाबेसचा पर्याय निवडा. यात खेळ आणि सेव्ह पुसले जात नाहीत. यादीच्या तळाशी ‘रिसेट’ शब्द असलेले पर्याय आहेत, त्यांना हात लावू नका, त्यांनी सगळं पुसलं जातं. पावसाळ्यात यंत्र ‘रेस्ट मोड’मध्ये ठेवून झोपू नका, पूर्ण बंद करा. वीज कडाडत असताना नुसता खटका खाली करून भागत नाही, प्लग काढावा लागतो. फायबरची काच वीज वाहत नाही, पण इंटरनेटच्या डब्याचा अडॅप्टर आणि टीव्हीची केबल वाहते, म्हणून त्याही काढा. करंट परत आल्यावर पाच मिनिटं जाऊ द्या, मग सुरू करा.

दमट हवेबद्दल एवढंच : यंत्र महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा तासभर चालवा. आतली ऊब ओल घालवते. कंट्रोलर सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवा.

प्रश्न : घराला लागून तंबाखूची वखार आहे. कंट्रोलरची डावी स्टिक सोडली तरी खेळाडू आपोआप चालत राहतो. प्लेस्टेशनचा पंखाही मोठ्यानं वाजायला लागलाय. – निपाणी

उत्तर : स्टिकच्या बुडाशी दोन्ही बाजूंना हिरव्या पापुद्र्याच्या छोट्या डब्या असतात. आत काळ्या कार्बनचा अर्धगोल पट्टा आणि त्यावर घासत फिरणारा बारीक धातूचा ब्रश. पट्ट्यावर ब्रश कुठं आहे यावरून स्टिकची जागा कळते. पट्ट्यावर धूळ बसली किंवा घासून चर पडली की मध्याचा आकडाच हलतो. तंबाखूची धूळ मऊ आणि चिकट, आत गेली की निघत नाही.

क्रमानं जा. आधी कन्सोल बंद करून कंट्रोलरच्या मागच्या, लोगोजवळच्या बारीक भोकात टाचणी पाच सेकंद दाबा, मग केबलनं जोडून पीएस बटण दाबा. फरक पडला नाही तर खेळाच्या सेटिंगमध्ये स्टिकचा ‘डेडझोन’ (मध्याभोवतीची जी हालचाल खेळ मोजत नाही ती) वाढवा, पाचावरून दहा-पंधरापर्यंत. त्यानं चालणं थांबेल, पण बारीक हालचाल बोथट होईल. तिसरा उपाय ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. स्टिक एका बाजूला कलवून खालच्या फटीत दोनच थेंब सोडा, तीसेक वेळा गोल फिरवा, अर्धा तास वाळू द्या. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. गंजाचा स्प्रे तर नकोच.

चार दिवसांनी पुन्हा तेच सुरू झालं तर कार्बनचा पट्टाच झिजलाय, पूर्ण मोड्यूल बदलावं लागेल. ते १४ डाखांनी बोर्डाला बसवलेलं असतं. सगळे डाख सुटायच्या आधी ओढलं तर बोर्डावरची तांब्याची टिकली उखडते आणि कंट्रोलर कायमचा जातो, म्हणून हे हौसेनं करायचं काम नव्हे. दुरुस्त करणाऱ्याला ‘हॉल इफेक्ट’चं मोड्यूल मागा. त्यात चुंबकानं जागा मोजतात, घासणारा भाग नसतो. आणि आधीच विचारा, बसवल्यावर स्टिकचा मध्य जुळवून देणार का? ते न करता दिलं तर नव्या मोड्यूलवरही खेळाडू आपोआप चालतच राहतो.

पंख्यासाठी प्लेस्टेशन ५ च्या बाजूच्या पांढऱ्या पट्ट्या काढा. आत धूळ साठवायला दोन भोकं मुद्दाम ठेवलेली आहेत. तिथं व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड लावून धूळ ओढून घ्या, फुंकू नका. धूळ ओढताना पंख्याची पाती फिरू नयेत म्हणून बोटानं किंवा काडीनं धरून ठेवा. यापलीकडे उघडू नका. प्रोसेसरवर द्रवरूप धातूचा थर असतो, तो सांडला तर बोर्ड शॉर्ट होतो. वखारीशेजारी हे काम दर दोन महिन्यांनी करा, आणि कन्सोल जमिनीपासून दोन-तीन फूट उंच ठेवा.

प्रश्न : मुंबईचा सर्व्हर निवडूनही पिंग ९० दाखवतं. कुणी म्हणतं आपली लाइन बेंगळूरूवरून फिरते म्हणून. कन्सोल घेतला तर कमी होईल का? – टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : कन्सोलनं काही फरक पडणार नाही. पिंग म्हणजे संदेश सर्व्हरला जाऊन उत्तर यायला लागणारे मिलिसेकंद. आधी लाइन फिरण्याचा हिशेब करू. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. बेळगाव-मुंबई सरळ गेली तर जाऊन-येऊन हजार किलोमीटर, म्हणजे ५ मिलिसेकंद. बेंगळूरूवरून फिरली तरी तीन हजार, म्हणजे १५. वळसा पडलाच तरी नुकसान दहाचं. उरलेलं पिंग दुसरीकडं कुठंतरी अडकतंय.

पहिला संशय घरातल्या वाय-फायवर घ्या. कॉम्प्युटरवरून आपल्याच राउटरला पिंग करून बघा. केबलवर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येतं. वाय-फायवर मध्येच ५०-१०० ला उडी मारत असेल तर दोष भिंतींचा. चिऱ्याच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ फारसं जात नाही. कॅट ६ ची केबल ओढा, १०० मीटरपर्यंत चालते, आणि कन्सोललाही तीच लागते. दुसरा संशय घरातल्या मोबाइलवर. कुणाचे फोटो क्लाउडवर चढत असतील तर अपलोडची वाट भरून जाते आणि खेळाच्या माहितीची पाकिटं रांगेत थांबतात. राउटरमध्ये इतरांच्या अपलोडला मर्यादा घाला.

वायरलेस कंट्रोलर किंवा माउस अधूनमधून अडखळत असेल तर ते पिंग समजू नका. त्याचा रिसीव्हर निळ्या यूएसबी ३ पोर्टाला किंवा त्याच्या शेजारी असेल तर त्या पोर्टाचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो. फूटभर एक्स्टेन्शन केबल लावून रिसीव्हर टेबलावर आणा.